यमूचं मुंबईचं बिऱ्हाड

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' मी पहिल्यांदा वाचली ती पुण्यात, शाळेत असताना. यमूच्या केशवपनाचा प्रसंग वाचून रात्रभर झोप लागली नव्हती. त्या शंकरमामंजींना तर मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील! पुढे कितीतरी वर्षं कादंबरीचं नाव निघालं की मला तेवढंच आठवे. आपल्यापैकी बहुतेकांचं तसंच असावं.

गेल्या वर्षी आमचे हे गेले. त्यानंतर कपाट आवरताना लग्नात आलेली ती जुनी प्रत हाती लागली आणि पुन्हा वाचायला घेतली. या वेळी मन अडकलं ते मधल्या भागात. यमू आणि रघुनाथराव यांच्या मुंबईच्या दिवसांत.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण इथे वाढलेल्या आपल्या मुलांना ती ठाऊक नसणार. हरिभाऊंचा जन्म १८६४ सालचा. 'मधली स्थिती' ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ मध्ये येऊ लागली. तिला रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या लंडनवरच्या कादंबरीचा आधार होता, म्हणजे विलायतेशी नातं तिथूनच! १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो' त्यातून क्रमशः छापली. १८९३ मध्ये ती पूर्ण झाली. 'आजकालच्या गोष्टी' या नावाखाली त्यांनी ज्या सामाजिक कादंबऱ्या लिहिल्या, त्या मालेतली ही सर्वांत लाडकी. सव्विशीतला एक पुरुष यमूच्या तोंडून, बायकांच्या घरगुती बोलीत, 'मी' म्हणून सगळी हकिगत सांगतो आणि ती कुठेही खोटी वाटत नाही. मला हे आजही नवल वाटतं.

त्या काळी लग्न लहानपणी होई, पण नवराबायकोचा संसार असा नसेच. वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, सुनेने पुस्तक हातात धरलं तर घरभर कुजबुज. रघुनाथराव शिक्षणासाठी मुंबईला जातात, यमूलाही तिथे नेतात, आणि तिला पहिल्यांदा मोकळा श्वास मिळतो. उघडपणे बोलणं, वाचन, शिकल्यासवरल्या ओळखीच्या मंडळींत उठबस. मोठं असं काही घडत नाही, आणि तेच महत्त्वाचं. हरिभाऊंनी ते दिवस घाई न करता, इतक्या मायेने लिहिले आहेत की सुधारणेवरची दहा व्याख्यानं त्यापुढे फिकी पडावीत.

आम्ही १९७२ साली कॉव्हेंट्रीला आलो तेव्हा वरच्या मजल्यावर एक खोली होती आणि स्वयंपाकघर तीन बिऱ्हाडांत मिळून. मीटरमध्ये नाणं टाकल्याशिवाय गॅस पेटत नसे. तरी लग्नानंतर आम्ही दोघं जेवायला समोरासमोर बसलो ते तिथेच. सासरी आधी पुरुषांची पंगत, मग आमची. यमूची मुंबई मला ओळखीची वाटली ती यामुळे.

आता एक योगायोग. हरिभाऊंच्याच वर्षी, १८६४ मध्ये, मुंबईत रखमाबाई जन्मली. अकराव्या वर्षी लग्न झालं. मोठेपणी तिने नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. दादाजी भिकाजींनी १८८४ साली फिर्याद केली. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, तो अपिलात टिकला नाही, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंग पत्करीन म्हटलं. तिचं पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलं. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि १८८९ साली ती डॉक्टरकी शिकायला लंडनला आली. १८९४ मध्ये ती डॉक्टर झाली.

म्हणजे पाहा, पुण्यात यमूची कहाणी आठवड्याआठवड्याने छापली जात होती, तेव्हा ही खरीखुरी मराठी मुलगी लंडनमध्ये बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकत होती! मधेच १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला; वय दहावरून बारा केलं, तर त्यावरून पुण्यात केवढं रणकंदन माजलं. रसेल स्क्वेअर स्टेशनपासून थोडं चाललं की हंटर स्ट्रीटवर त्या मेडिकल स्कूलची इमारत लागते. आज दिसते ती रखमाबाईच्या नंतरची आहे, पण जागा तीच. मी अनेकदा तिथून गेले होते, मला पत्ताच नव्हता.

दोघींत फरक एवढाच की रखमाबाईने आपलं मोकळेपण भांडून मिळवलं, आणि यमूचं तिच्या नवऱ्याच्या चांगुलपणावर उभं होतं. रघुनाथराव गेले आणि मुंबई संपली. तिचं वाचन, तिच्या मैत्रिणी, सगळं एका दिवसात उपरं झालं. पुढचं केशवपन हा त्याचाच शेवट. शाळेत असताना मला वाटे, शंकरमामंजी नसते तर ती वाचली असती. आता तसं वाटत नाही.

हे गेले त्या आठवड्यात मुलीने विचारलं, "आई, घराचे कागद कुठे आहेत?" मला माहीत नव्हतं. गॅसचं बिल कोणत्या खात्यातून जातं, तेही नाही. पन्नासहून अधिक वर्षं या देशात काढली, नोकरी केली, मोटार चालवली, तरी. हे इतके चांगले होते की मला कधी विचारावंच लागलं नाही. मुलीने लायब्ररीच्या कॉम्प्युटरच्या वर्गात माझं नाव घातलंय. मंगळवारी आणि गुरुवारी जाते. बँकेचं आता माझं मी पाहते. कादंबरीची शेवटची काही पानं मात्र अजून वाचायची राहिली आहेत.