कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सर्जनशील व्यवसाय : १९४२ व २०२३ च्या संपांचा तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :
यंत्रामुळे कलावंताच्या उपजीविकेवर येणारे संकट हे केवळ एकविसाव्या शतकाचे वैशिष्ट्य नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेला प्रश्न समजून घेण्यासाठी अमेरिकेतील दोन संपांचा तौलनिक विचार उपयुक्त ठरतो.

१९४२ चा वादकांचा संप :
१९२७ नंतर बोलपट रूढ झाले आणि मूकपटांना साथ करणाऱ्या हजारो वादकांचे काम संपुष्टात आले. पुढे ध्वनिमुद्रिका व रेडिओ यांमुळे प्रत्यक्ष वादनाची गरज आणखी घटली. वादक ज्या तबकडीसाठी वाजवी, तीच तबकडी त्याची जागा घेई. म्हणून जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली वादक महासंघाने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रण थांबविले. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये, तर कोलंबिया व आरसीए व्हिक्टर यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये तडजोड केली. विक्रीतील अंश संघटनेच्या निधीत जमा होऊ लागला. यंत्र हटले नाही. त्याच्या लाभातील वाटा मात्र मान्य झाला.

२०२३ चे संप :
२ मे २०२३ रोजी हॉलिवूडमधील सुमारे ११,५०० पटकथालेखक संपावर गेले. १४८ दिवसांनंतर झालेल्या करारानुसार यंत्रनिर्मित मजकुरास लेखनाचा दर्जा नाकारण्यात आला व लेखकावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराची सक्ती करण्यास मनाई झाली. अभिनेत्यांच्या ११८ दिवसांच्या संपातून डिजिटल प्रतिरूपासाठी संमती व मोबदला यांची तरतूद झाली.

विश्लेषण :
दोन्ही प्रसंगांत एक मूलभूत भेद आहे. तबकडी वादकाचे वादन जसेच्या तसे साठवीत असे. कृत्रिम बुद्धिमत्ता असंख्यांच्या कृतींवरून शिकून नवी कृती घडविते. त्यामुळे मोबदल्याचा हक्कदार कोण, हे ठरविणे अवघड होते. शिवाय संघटनेचे संरक्षण सभासदांपुरतेच असते. सुटी कामे घेणारे चित्रकार व अनुवादक अशा वाटाघाटींच्या बाहेर राहतात. भारतात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या यांत्रिक अनुकरणास अंतरिम मनाई केली. तथापि नामवंताचा आवाज ओळखता येतो. अनामिक कारागिराची शैली सिद्ध करणे कठीण असते.

निष्कर्ष :
तंत्रज्ञानाचे परिणाम केवळ यंत्र ठरवीत नाही. ते करार, कायदा व संघटनशक्ती यांवरही अवलंबून असतात. म्हणूनच असंघटित कलावंतांचे हित हा यापुढील धोरणाचा मुख्य विषय ठरावा.