वाळवंटातला डबा

गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याचा ओमानहून फोन आला. आमच्या खेड तालुक्यातल्या गावात घरटी एक तरी माणूस आखातात आहे, तेव्हा ईदला फोन येण्यात नवल नाही. नवल वाटलं ते त्याच्या प्रश्नाचं. म्हणाला, "मामू, गाडीला टाकी बसवायचीय. जुनी काढून एकच मोठी बसवू, की आहे ती ठेवून वर कॅन घेऊ?"

मी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि पुढची वर्षं कविता करण्यात घालवली. म्हटलं, "अरे, मला काय विचारतोस?" तर म्हणतो, "तुम्हीच नाही का लहानपणी लढाईतल्या गाड्यांच्या गोष्टी सांगायचात?"

त्याची गाडी चारही चाकांना जोर असलेली, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह. साइटवर जाऊन यायचं तर सातशे किलोमीटर, त्यातला बराच भाग वाळूचा आणि मध्ये पंप नाही. आदल्या उन्हाळ्यात त्याच्या साइटवरचे दोघे जण वाट चुकले होते. तिसऱ्या दिवशी गाडी सापडली तेव्हा दोघांतला एकच जिवंत होता. टाकीत पेट्रोल मात्र होतं. हे त्यानं सांगितलं आणि मग मी गोष्ट सांगायच्या पवित्र्यात न राहता नीट बसून विचार करू लागलो.

वाळवंटात गाडी किती लांब जाऊ शकते, हा हिशेब सर्वात बारकाईनं मांडणाऱ्यांतला एक माणूस म्हणजे राल्फ बॅगनॉल्ड. ब्रिटिश सैन्याच्या सिग्नल खात्यातला अधिकारी. १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये नेमणूक असताना त्याला सुट्टीत वाळवंटात गाडी घालायचा नाद लागला. गाड्या कुठल्या, तर साध्या फोर्ड. चारही चाकांना जोर वगैरे काही नाही. चाकांतली हवा कमी करायची, रुतलं की चाकाखाली पोलादी पट्ट्या सारायच्या. रेडिएटरमधून वाफ होऊन जाणारं पाणी नळीनं एका डब्यात घेऊन, थंड करून परत रेडिएटरमध्ये जाईल अशी सोय त्यानं केली. पुढे वाळूच्या टेकड्या कशा बनतात आणि कशा सरकतात यावर त्यानं १९४१ साली पुस्तक प्रसिद्ध केलं, ते शास्त्रज्ञ आजही वापरतात. नादी माणसाचं असं कधीकधी सोनं होतं.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. त्या वेळी बॅगनॉल्ड कैरोत होता. त्यानं जनरल वेव्हेल यांच्यापुढे योजना मांडली, की शत्रूच्या पाठीमागे, जिथून कुणी येईल असं त्याला स्वप्नातही वाटणार नाही, त्या वाळूच्या समुद्रातून छोट्या तुकड्या पाठवायच्या. वेव्हेल यांनी सहा आठवडे दिले. यातून जी तुकडी उभी राहिली तिला पुढे लाँग रेंज डेझर्ट ग्रुप हे नाव मिळालं. पहिले स्वयंसेवक होते न्यूझीलंडचे, त्यांत शेतकरी पुष्कळ. यंत्र नीट राखायची सवय असलेली माणसं. तुकडी निघाली की वाटेत कुणाकडून काही न घेता हजार मैलांहून अधिक फिरून यायची. १९४२ मध्ये या ग्रुपबरोबर हिंदी सैन्याचा एक स्क्वाड्रनही होता. जाट, रजपूत, शीख आणि पंजाबी मुसलमान अशा त्याच्या टोळ्या होत्या. आपल्याकडे त्यांची आठवण कुणी काढत नाही.

आता भाच्याच्या कामाची गोष्ट. सुरुवातीला या ग्रुपकडे शेव्हरलेचे दीड टनी ट्रक होते, मागच्या दोन चाकांवर चालणारे. १९४१ मध्ये त्यांच्या जागी फोर्डचे चारही चाकांना जोर असलेले ट्रक आले. तुम्ही म्हणाल, वाळूत हे बरंच झालं की. पण हे ट्रक जड होते आणि पेट्रोल जास्त पीत. जोर वाढला, पण पल्ला घटला. १९४२ मध्ये ग्रुपनं कॅनडाहून खास मागवलेले दोन चाकांवर चालणारे शेव्हरले पुन्हा घेतले. वाळवंटातल्या सर्वात जाणत्या माणसांनी चार चाकांचा जोर सोडला आणि पल्ला पत्करला. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. त्याची गाडी हप्त्यांवर आहे.

आणि पेट्रोल न्यायचं कशात? इथे मला माझी दादी आठवते. आमच्या परसात रॉकेलचे जुने डबे असत. एकात तुळशीसारखा सब्जा लावलेला, एकात कोंबड्यांचे दाणे. दोन डब्यांना आडवी दांडी बसवून त्यांतून विहिरीचं पाणी आणायचं. डबा फाटला की कापून, सपाट करून पडवीच्या छपराला ठोकायचा. तो पातळ पत्र्याचा चौकोनी चार गॅलनचा, म्हणजे अठरा लिटरचा डबा महाराष्ट्रातल्या कुठल्या घरानं पाहिला नाही? त्याचाच सख्खा भाऊ १९४० साली आफ्रिकेच्या वाळवंटात लढाईला उभा होता. ब्रिटिश सैन्याचं पेट्रोल याच चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांतून आघाडीवर जाई. इंग्रज शिपाई त्याला 'फ्लिम्झी' म्हणत, म्हणजे लेचापेचा.

कारण तो गळायचा. शिवणी उसवायच्या, ट्रकमध्ये एकावर एक ठेवले की खालचे चेपायचे. त्यात ऊन. पेट्रोल तापलं की फुगतं. तापमान तीस अंशांनी चढलं तर शंभर लिटरचं जवळजवळ एकशे तीन लिटर होतं. काठोकाठ भरलेल्या पातळ डब्यात हे जादा तीन लिटर जाणार कुठे? तळापासून प्रत्यक्ष वापरणाऱ्यापर्यंत पोचेतो सुमारे तीस टक्के पेट्रोल वाया जातं, असा अंदाज खुद्द जनरल ऑकिन्लेक यांच्या काळात मांडला गेला. जे पेट्रोल बोटीनं आणलं, ज्याच्यासाठी माणसं मेली, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा वाळू प्यायली.

हा आकडा कागदावर छोटा दिसतो. समजा, एक ट्रक गॅलनला दहा मैल जातो आणि पाचशे मैल जाऊन परत यायचं आहे. म्हणजे शंभर गॅलन, पंचवीस डबे. पाचशे मैल गाठले, काम झालं, वळले. आता प्रवासात तेवढीच तीस टक्के गळती ट्रकच्या वाट्याला आली, तर सातशेव्या मैलाला टाकी कोरडी, आणि तळ अजून तीनशे मैल दूर. डबे मोजले तर पंचवीसच भरतात. म्हणून या टोळ्या डबे लाकडी खोक्यांत घालून नेत, आणि जायच्या वाटेवर पेट्रोल पुरून ठेवत. शिपायांनी डब्याचे दुसरे उपयोगही शोधले होते. अर्धा कापायचा, त्यात वाळू भरायची, वर पेट्रोल ओतून पेटवायचं आणि चहाला आधण ठेवायचं. दादीला हे फार आवडलं असतं.

समोर जर्मनांकडे याच कामासाठी वेगळी वस्तू होती. वीस लिटरचा पोलादी कॅन. दोन साच्यात दाबलेले पत्रे मधोमध जोडलेले, जोड आत बसवलेला, त्यामुळे आपटला तरी उसवत नाही. दोन्ही बाजूंना फुलीसारखे खोलगट दाब, त्यामुळे पत्रा ताठ राहतो आणि फुगायलाही थोडी मोकळीक मिळते. झाकण खटक्याचं, ना पाना लागतो, ना नरसाळं. आत हवा जायला बारीक नळी, म्हणून ओतताना गुळगुळ होत नाही. आणि वर तीन दांड्या. मधली धरून एकानं न्यावा, बाजूच्या धरून दोघांनी वाटून घ्यावा, रिकामे असतील तर एका हातात दोन मावतात. जर्मनांना इंग्रज 'जेरी' म्हणत, म्हणून याला नाव पडलं जेरीकॅन. वैऱ्याकडून हाती लागलेले हे कॅन ब्रिटिश शिपाई जपून ठेवत. शेवटी त्यांनी त्याची हुबेहूब नक्कल केली.

या कॅनच्या प्रवासाची एक गोष्ट हिंदुस्थानात येऊन थांबते. रिचर्ड डॅनियल या अमेरिकन लेखकानं ती लिहिली आहे. पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनियर बर्लिनमध्ये काम करत होता. १९३९ च्या उन्हाळ्यात तो आणि त्याचा जर्मन सहकारी मोटारीनं हिंदुस्थानात यायला निघाले. गाडी तयार झाल्यावर लक्षात आलं, की अडीअडचणीला पाणी ठेवायला काहीच नाही. सहकाऱ्यानं लष्करी साठ्यातले तीन कॅन मिळवले. सहकाऱ्याला वाटेतूनच परत जावं लागलं, पण जाण्यापूर्वी त्यानं कॅन कसा बनवतात ते सगळं प्लाइसला सांगून टाकलं. प्लाइस एकटा कलकत्त्याला पोचला, गाडी तिथेच ठेवून अमेरिकेला गेला आणि आपल्या लष्कराला सांगू लागला. नमुना दाखव म्हणाले. नमुना होता कलकत्त्यात, गाडीवर. ती गाडी अमेरिकेला पोचेपर्यंत १९४० साल उजाडलं होतं, आणि पोचल्यावरही साहेबांना आपला पाना-नरसाळ्याचा जुना कॅनच बरा वाटला. जगाला हवी असलेली वस्तू काही महिने कलकत्त्यात धूळ खात होती!

लक्षात घ्या, प्लाइसनं ते कॅन पेट्रोलसाठी नव्हे, पाण्यासाठी घेतले होते.

भाच्याचा मूळ प्रश्न होता, एक मोठी टाकी की अनेक छोटे. बॅगनॉल्डच्या लोकांनी अनेक छोटे घेतले, आणि मला त्यात शहाणपण दिसतं. एक डबा फुटला तर चार गॅलन गेलं. टाकी फुटली तर सगळं. डबा वाटेत पुरून ठेवता येतो, टाकी येत नाही. पण त्या ट्रकना पाठीवर उघडा हौदा होता. भाच्याच्या बंद गाडीत पेट्रोलचे कॅन म्हणजे माणसांच्या मांडीला मांडी लावून वाफ बसवणं. टपावर ठेवावेत तर शंभर लिटर पेट्रोलचं वजन चौऱ्याहत्तर किलो, शिवाय कॅनचं. एवढा मोठा माणूस टपावर बसला तर तिरक्या टेकडीवर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. खाली बसवलेली टाकी वजन जमिनीजवळ ठेवते. मात्र ती मागच्या चाकांपलीकडे, स्टेपनीच्या जागी लोंबली, तर वाळूच्या कड्यावरून उतरताना तिचाच पोट घासतो. आत आडव्या भिंती हव्यात, नाहीतर अर्ध्या टाकीतलं पेट्रोल वळणावर हिंदकळून गाडी खेचतं. जुन्या लष्करी जीपची टाकी ड्रायव्हरच्या आसनाखाली असे. पेट्रोल भरायला आसन उचलावं लागे. लहानपणी आमच्या गावात लिलावातली अशी एक जीप होती. ड्रायव्हर उठला की आम्ही पोरं आता काय निघतंय म्हणून भोवती जमत असू.

आणि शेवटी मी त्याला रोनाल्ड मूरची गोष्ट सांगितली. ३१ जानेवारी १९४१ ला जबल शरीफजवळ ग्रुपच्या एका टोळीवर इटालियनांनी हल्ला केला. ट्रक जळाले. मूर आणि आणखी तिघे मागे राहिले. मूरच्या पायात गोळीचा तुकडा, दुसऱ्या एकाच्या गळ्याला जखम. शरण जायच्या ऐवजी ते आपल्या ट्रकांच्या चाकोऱ्या धरून दक्षिणेकडे चालू लागले. जवळ होता पाण्याचा एक डबा, तोही दोन गॅलनपेक्षा कमी. दहा दिवसांत मूर दोनशे मैलांच्या आसपास चालला. फ्रेंच सैन्याला ते सापडले तेव्हा चौघेही जिवंत होते. गळ्याला जखम झालेला त्यानंतर वारला.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, आमच्या त्या दोघांकडे पाण्याच्या बाटल्या होत्या. सहा."

महिन्याभरानं त्यानं फोटो पाठवला. मूळ टाकी तशीच आहे. जोडीला साठ लिटरची दुसरी टाकी दोन चाकांच्या मध्ये, चासीला घट्ट बांधलेली, स्वतंत्र तोटीची. एक गळली तर दुसरी राहील. टपावर काही नाही. मागच्या सीटच्या पाठीमागे पट्ट्यांनी आवळलेले वीस-वीस लिटरचे दोन नवे कॅन, आणि दोन्हींवर त्यानं रंगानं मोठी पांढरी फुली काढली आहे. जर्मन शिपाई पाण्याच्या कॅनवर काढत तशी.