भारताची अर्थव्यवस्था : बलस्थाने आणि कच्चे दुवे

जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी रवाना केले. ते तारण ठेवून डॉलर उसने घेण्याची वेळ आली, कारण गंगाजळीत जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये हीच गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. भारतीय अर्थव्यवस्थेच्या प्रगतीचे हे सर्वांत ठळक मोजमाप होय. मात्र तिचे आजचे दुखणे परकीय चलनाचे नसून रोजगाराचे आहे.

बलस्थाने

पहिले बलस्थान सेवा क्षेत्राचे. २०२४-२५ मध्ये सेवांची निर्यात ३८० अब्ज डॉलरहून अधिक झाली आणि वस्तुव्यापारातील मोठी तूट बऱ्याच अंशी तिने भरून काढली. दुसरे, बँकांची सुधारलेली प्रकृती : २०१८ मध्ये थकीत कर्जांचे प्रमाण ११ टक्क्यांवर गेले होते, ते आता तीन टक्क्यांच्या खाली आहे. तिसरे, सार्वजनिक डिजिटल व्यवस्था. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे भाजीवाल्यापासून विमा कंपनीपर्यंत सर्वांचे व्यवहार एकाच जाळ्यात आले. याच्या जोडीला मोठी देशांतर्गत बाजारपेठ आणि तरुण लोकसंख्या आहे.

कच्चे दुवे

कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीवर भागते. आखातात तणाव वाढला की रुपया आणि महागाई या दोहोंवर ताण येतो. परंतु अधिक खोल प्रश्न रोजगाराचा आहे. शेतीवर अवलंबून असलेल्या श्रमिकांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ४६.१ टक्के झाले. राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपासच आहे. महासाथीत गावी परतलेल्या अनेकांना शहरांनी पुन्हा सामावून घेतले नाही, असाही याचा एक अर्थ लावला जातो. कारखानदारीचा वाटा २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१४ मध्ये जाहीर झाले होते. तो अद्याप १७ टक्क्यांच्या घरातच रेंगाळतो आहे. वाढ ज्या क्षेत्रांत होते तेथे माणसे थोडी लागतात आणि जेथे माणसे दाटली आहेत तेथे उत्पन्न वाढत नाही, ही खरी विसंगती.

परदेशातून येणारा पैसा

जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये अनिवासी भारतीयांनी मायदेशी १२९ अब्ज डॉलर पाठवले. इतकी रक्कम अन्य कोणत्याही देशाला मिळाली नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये या ओघाचा २०.५ टक्के, म्हणजे सर्वाधिक, वाटा महाराष्ट्रात आला. पूर्वी या पैशाचा मोठा भाग आखातातून येई. आता अमेरिका आघाडीवर आहे. भांडवली गुंतवणूक संकटाची चाहूल लागताच काढता पाय घेते. घरी धाडलेला पैसा सहसा तसे करत नाही. म्हणून तो अर्थव्यवस्थेचा भरवशाचा आधार ठरतो. तरीही यजमान देशांच्या व्हिसा धोरणांवर तो अवलंबून आहे. शिवाय कुशल मनुष्यबळाला घराबाहेर संधी शोधावी लागते, याचीही तो साक्ष देतो.

१९९१ च्या संकटाने बाहेरची तटबंदी भक्कम करण्याचा धडा दिला आणि देशाने तो नीट गिरवला. तटाच्या आतील कोट्यवधी हातांना उत्पादक काम मिळवून देण्याची परीक्षा अजून बाकी आहे. वाढीचा दर कितीही चढा असला, तरी तिचा निकाल त्या एका आकड्यावरून लागणार नाही.