थॅडियस स्टीव्हन्स : समतेचा हट्टी पुरस्कर्ता

अमेरिकेतील गुलामगिरीच्या उच्छेदाचा इतिहास निघाला की अब्राहम लिंकनचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु युद्धात मिळालेला जय पुढे कायद्याच्या भाषेत उतरवावा लागतो. ते काम रणांगणावर होत नाही. ते विधिमंडळात, समित्यांच्या बैठकांत, मतांची गोळाबेरीज करीत पार पाडावे लागते. लिंकनच्या हत्येनंतर ज्यांनी हे काम अंगावर घेतले, त्यांत पेनसिल्व्हेनियाचा प्रतिनिधी थॅडियस स्टीव्हन्स अग्रणी होता. आपल्या तत्त्वाला मुरड न घालणारा म्हणून त्याची ख्याती होती. तरीही त्याच्या हातून झालेले सर्वांत टिकाऊ कार्य तडजोडीतून झाले.

स्टीव्हन्सचा जन्म १७९२ साली व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल या गावी झाला. त्याचे एक पाऊल जन्मतःच वाकडे होते. पिता संसार टाकून निघून गेला. मातेने काबाडकष्ट करून मुलांना वाढविले आणि या पंगू मुलाला शाळेत घातले. १८१४ साली डार्टमथ महाविद्यालयातून तो पदवीधर झाला आणि १८१६ मध्ये गेटिसबर्ग येथे त्याने वकिली सुरू केली. १८२१ साली एका गुलाम स्त्रीने स्वातंत्र्यासाठी चालविलेल्या दाव्यात त्याने मालकाची बाजू मांडली आणि दावा जिंकला. ती स्त्री पुन्हा दास्यात गेली. पुढे गुलामगिरीचा कट्टर वैरी ठरलेल्या माणसाच्या चरित्रातील हे पान झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यानंतरच्या काळात पळून आलेल्या अनेक गुलामांची वकिली त्याने केली.

राज्याच्या विधिमंडळात तो १८३३ साली निवडून आला. १८३४ मध्ये पेनसिल्व्हेनियाने सार्वजनिक शाळांचा कायदा केला. पण शाळांसाठी कर द्यावा लागणार म्हणून लोक खवळले आणि पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द करण्याची तयारी झाली. ११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्सने केलेल्या भाषणाने सभागृहाचे मत फिरले आणि शाळा वाचल्या. शिक्षण ही गरिबाला घातलेली भीक नसून तो नागरिकाचा हक्क आहे, ही त्याची भूमिका होती. १८३८ साली राज्याची नवी घटना तयार झाली तेव्हा तिने मताधिकार फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला. स्टीव्हन्स त्या घटना-परिषदेचा सभासद होता; त्याने घटनेवर सही करण्याचे नाकारले.

राष्ट्रीय काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात तो १८४९ ते १८५३ आणि पुन्हा १८५९ पासून मृत्यूपर्यंत होता. यादवी युद्धाच्या काळात महसूल व खर्च पाहणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. सैन्याचा पगार आणि दारूगोळा यांसाठी पैसा उभा करणे हे त्याचे काम. नवे कर, कर्जे आणि १८६२ साली निघालेले कागदी चलन या सर्वांच्या मागे या समितीचे श्रम होते. १८६३ च्या जून महिन्यात दक्षिणेच्या सैन्याने त्याचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकला, तरी त्याच्या धोरणात तसूभरही फरक पडला नाही.

१८६५ साली युद्ध संपले, तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली आणि सुमारे चाळीस लाख माणसे मुक्त झाली. पण त्यांना ना जमीन होती, ना मताधिकार. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेतील जमीनदारांना उदारपणे माफी देण्यास आरंभ केला आणि त्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना पुन्हा मजुरीच्या बेडीत अडकविणारे कायदे केले. स्टीव्हन्सने ओळखले की पोट दुसऱ्याच्या हाती असेल तर स्वातंत्र्य कागदावरच राहते. दोनशे एकरांहून अधिक जमीन असलेल्या बंडखोर जमीनदारांची मालमत्ता जप्त करावी आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्यावेत, अशी योजना त्याने मांडली. खाजगी मालमत्तेला हात लागणार या भीतीने त्याच्या स्वतःच्या पक्षानेही ती स्वीकारली नाही.

दुसरा प्रश्न प्रतिनिधित्वाचा होता. जुन्या घटनेप्रमाणे जागा ठरविताना गुलामांची गणना तीन-पंचमांश होत असे. आता ते मुक्त झाल्यामुळे पूर्ण गणना होऊन दक्षिणेच्या जागा वाढणार होत्या, आणि मत मात्र जुन्या मालकांनाच राहणार होते. यावर उपाय म्हणून चौदावी घटनादुरुस्ती पुढे आली. तिच्यातील ‘कायद्याचे समान संरक्षण’ ही शब्दरचना मुख्यतः ओहायोच्या जॉन बिंगहॅमची. प्रतिनिधिगृहात ती पार पाडण्याचा भार स्टीव्हन्सवर होता. परंतु तिने कृष्णवर्णीयांना थेट मताधिकार दिला नाही. पुरुषांना मत नाकारणाऱ्या राज्याच्या जागा त्या प्रमाणात कमी होतील, एवढेच तिच्यात होते. १३ जून १८६६ रोजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या स्टीव्हन्सने आपली निराशा सभागृहापुढे उघड केली. मनुष्या-मनुष्यांतील भेद समूळ नाहीसा करणारी व्यवस्था पाहण्याचे आपले स्वप्न भंगले, असे त्याने सांगितले. मग हे अपुरे विधेयक का स्वीकारायचे? आपण देवदूतांत नव्हे, माणसांत राहतो, म्हणून. असे त्याचे उत्तर होते. पदरी पडेल ते घ्यायचे, पण अपुऱ्याला पुरे म्हणायचे नाही, ही त्याची रीत. म्हणूनच १८६७ साली अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने पुनर्रचनेचे कायदे केले आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मत मिळाले, तेव्हा त्या लढ्यातही तो आघाडीवर होता.

१८६८ साली त्याने अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर महाभियोग आणण्यात पुढाकार घेतला. शरीर इतके थकले होते की त्याला खुर्चीत बसवून उचलून आणावे लागे. सेनेटमध्ये एका मताने तो प्रयत्न फसला. चौदावी दुरुस्ती मात्र त्याच जुलैत संमत झाली आणि ११ ऑगस्टला स्टीव्हन्स निवर्तला. लँकेस्टर येथील ज्या दफनभूमीत वर्णाचे बंधन नव्हते, तीच त्याने आपल्यासाठी निवडली होती, आणि त्याचे कारणही थडग्यावर कोरून घेतले होते.

त्याच्या कार्याचा पुढे फार काळ पराभवच झाला. १८७७ नंतर दक्षिणेत मताधिकार हिरावला गेला, आणि सूडबुद्धीचा म्हातारा म्हणून इतिहासकारांनी त्याला रंगविले. परंतु घटनेतील शब्द पुसले गेले नाहीत. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद अवैध ठरविला तो याच शब्दांच्या आधारे.

अमेरिकेतील त्या मुक्तिसंग्रामाचा प्रतिध्वनी महाराष्ट्रातही उमटला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केला. आणि १९५० साली अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदात, ‘कायद्यापुढील समानते’च्या जोडीला, ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे अमेरिकन दुरुस्तीतील शब्द आले. स्टीव्हन्सने ज्याला अपुरे म्हटले त्या मसुद्यातील ते शब्द आज भारतीय न्यायालयांत रोज उच्चारले जातात; जमिनीची त्याची मागणी मात्र त्याच्या देशात मान्य झालीच नाही.