आठशे मीटरांत उतरायचंय, धरून बसा!

टोपी कानांवर ओढा आणि चला. १९७०च्या दशकातली मार्चमधली सकाळ आहे, तुम्ही आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, नॉर्वेतल्या बूडोच्या विमानतळावर उभे आहात. वारा असा बोचरा की डोळ्यांतलं पाणी गालावर पोचेपर्यंत गार पडतंय. जळक्या रॉकेलचा वास थेट घशात उतरतोय. समोर विडेरो कंपनीचं ट्विन ऑटर उभं आहे. दोन पंखे, चाकं कायमची बाहेर, दार एवढंसं. मान वाकवा, नाहीतर डोकं आपटेल.

आत जेमतेम वीसेक माणसांची जागा. शेजारी जाड लोकरी स्वेटरातला मच्छीमार. त्याच्या अंगाला तंबाखू, डिझेल आणि ओल्या लोकरीचा वास. मागे बूडोच्या इस्पितळातून घरी निघालेल्या आजीबाई. हवाईसुंदरी शोधू नका, इथं दोन वैमानिक आणि बाकी सगळे उतारू. वैमानिक तुमच्या पुढ्यातच बसलेत. वेग वाढवताना ते हात वर करून छताला लोंबणारे दांडे ढकलतात. आता बोलायचं असेल तर ओरडा, कारण पंख्यांच्या घरघरीनं दातसुद्धा थरथरताहेत.

विमान उठलंसुद्धा! खाली वेस्टफियोर्डचं काळंशार पाणी पांढरा फेस ओकतंय. किनाऱ्यानं जाणाऱ्या हुर्तिगरुतेनच्या प्रवासी बोटीनं लोफोटेन बेटांवरच्या स्वोल्वेरपर्यंतचं हे अंतर कापायला पाच-सहा तास लागतात, आणि आजच्यासारखा समुद्र असेल तर त्यातले निम्मे कठड्याला धरून जातात. तुम्हाला अर्धा तासही लागायचा नाही. अर्थात पोट इथंही हलतं. एक हिसका, दुसरा, मग विमान धपकन खाली जातं. तुम्ही खुर्चीचा हात घट्ट पकडता. मच्छीमार जांभई देतो. खिडकीतून पंखाकडे बघा: कडेची काळी रबरी पट्टी फुगते आणि तिच्यावरचं बर्फ तडकून उडतं.

“पूर्वी पाण्यावर उतरणारी विमानं होती,” मच्छीमार तुमच्या कानाशी ओरडतो. समुद्र खवळला की ती खोळंबायची, अंधार पडला की गप्प बसायची. आणि इथल्या हिवाळ्यात अंधाराला काय तोटा! मग १९६८ साली दक्षिणेकडच्या हेल्गेलांड किनाऱ्यावर आखूड धावपट्ट्या झाल्या आणि चार वर्षांत ती सोय लोफोटेनच्या बेटांवरही पोचली. मोठी विमानं उतरणार नाहीत अशा खडकाळ कोपऱ्यात हे विमान एसटीसारखं थांबत थांबत जातं: टपाल टाक, माणूस उतरव, माणूस घे, पुढे चल.

समोर डोंगर आला. थेट समोर! वैमानिक वळतो, नाक खाली घालतो, आणि खडक व समुद्र यांच्यामध्ये एक पट्टी दिसते. लांबी आठशे मीटरच्या आसपास. चाकं टेकतात, पंखे उलटा जोर लावतात, तुम्ही पट्ट्यावर पुढे फेकले जाता. थांबलं! टाळ्या वाजवू नका, लोक हसतील. आजीबाईंनी पिशवी उचललीसुद्धा.

स्वोल्वेरमध्ये दार उघडताच नाकाला झिणझिण्या येतात. हंगाम ऐन भरात आहे. लाकडी मांडवांवर कॉड मासे जोडीजोडीनं शेपट्यांना बांधून वाऱ्यात सुकताहेत. नाक मुरडू नका, इथले लोक याला पैशाचा वास म्हणतात. गोदीवर पोरं माशांच्या जिभा कापताहेत, तोही कमाईचाच धंदा. वर सीगलचा कलकलाट, पायाखाली खवल्यांचा चिखल.

मच्छीमार तुम्हाला घरी नेतो. भिंतीवर चौकटीत त्याच्याच घराचा आकाशातून टिपलेला, हातानं रंगवलेला फोटो. तोही विडेरोचाच! विग्गो विडेरो आणि त्याच्या दोस्तांनी १९३४ साली कंपनी काढली, पण नुसत्या उतारूंवर तिचं भागत नव्हतं. म्हणून तिनं वरून फोटो काढून घरोघरी विकले. आता तो फोटो सोफ्याच्या वर, बायकोच्या विणकामाच्या टोपलीजवळ.

टेबलावर उकडलेला मासा, काळीज आणि गाबोळी येते. परतीचं विमान उद्या आहे म्हणता? यजमान खिडकीतून ढगांकडे बघतो आणि मान हलवतो. वारा वाढला तर मुक्काम वाढेल. तेव्हा लाजू नका, पोटभर जेवा.