खुरूज : परतीच्या कागदाचा इतिहास

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी आखातात आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. अरबीत छापलेला कागद, खाली सहीची रिकामी जागा. पाठवणारा आमच्याच आळीतला, दमामला एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर. खाली एवढंच लिहिलेलं, "दादा, अकरा वर्षं झाली, आता कायमचा येतोय. यावर सही करू का?"

मी त्याला लगेच फोन लावला आणि म्हटलं, "थांब. आधी हा कागद वाचून घेऊ."

असं का म्हटलं, त्याला एक जुनं कारण आहे.

माझे धाकटे काका १९८७ साली जेद्दाहला गेले आणि २००९ साली परत आले. बावीस वर्षं. शेवटचा पगार १,६०० रियाल. सौदीच्या २००५ च्या कामगार कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे अर्धा महिना आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा पगार, असा सेवेचा हिशेब मिळतो. म्हणजे अडीच अधिक सतरा, साडेएकोणीस महिन्यांचे ३१,२०० रियाल. तेव्हाच्या भावाने जवळपास चार लाख रुपये. काकांच्या हातात पडले ६,०००. "पूर्ण हिशेब मिळाला, कसलीही तक्रार नाही" अशा अरबी कागदावर त्यांनी सही केली होती. पासपोर्ट मालकाकडे, तिकीटही मालकाकडे आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. काका म्हणायचे, "सही केली नसती तर खुरूज मिळाला नसता."

खुरूज म्हणजे बाहेर पडणं. "खुरूज निहाई" म्हणजे कायमचं बाहेर पडणं. आपल्याकडे त्याला "एक्झिट" म्हणतात. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगडपासून खाली राजापूरपर्यंत आणि वर म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत "अमका एक्झिटवर आला" हे वाक्य न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. पण देश सोडायलाही परवानगी का लागावी, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

त्यासाठी थोडं मागे जाऊ.

मुंबई आणि आखात यांचं नातं तेलाच्या आधीपासूनचं. १९४७ पर्यंत तिथला ब्रिटिश कारभार हिंदुस्थान सरकारमार्फत चालायचा. तिथल्या बाजारात आपला रुपया चालायचा, इतका की रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. मुंबईहून कराचीमार्गे बसऱ्यापर्यंत बोटी जायच्या. त्यातली शेवटची, 'द्वारका', १९८२ पर्यंत चालू होती. जुनी माणसं अजून तिची आठवण काढतात.

याच काळात मोत्यांचा धंदा होता. बाहेरून आलेल्या पाणबुड्याची जबाबदारी कुणा स्थानिक माणसाने घ्यायची, अशी पद्धत होती. परदेशी माणसाला जामीन राहणारा तो कफील. काही इतिहासकार आजच्या कफाला पद्धतीचं मूळ १९२०-३० च्या दशकांतल्या बहरीनमध्ये, ब्रिटिश कारभारात दाखवतात. परदेशी मजुरांवर नजर ठेवायला सरकारकडे माणसं कमी, म्हणून ते काम मालकावर टाकलं. म्हणजे ही पद्धत वाळवंटातल्या जुन्या रीतीतून आपोआप आली, असं सरळ म्हणता येत नाही. आपल्यावर राज्य करणाऱ्या साहेबाचाही तिच्यात हात होता.

१९७३ साली तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. रस्ते, बंदरं, इस्पितळं बांधायला माणसं हवी होती. मुंबईच्या गिरण्यांच्या मनीऑर्डरवर जगणाऱ्या कोकणाला नवी वाट मिळाली. मात्र कायदा तोच राहिला. तुमचा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना कफीलच्या नावाशी बांधलेला. त्याच्या होकाराशिवाय नोकरी बदलता येत नव्हती आणि सौदी, कतारमध्ये देशही सोडता येत नव्हता. मालकाने "हुरूब", म्हणजे पळून गेला, अशी नोंद केली की कामावरचा माणूस एका दिवसात गुन्हेगार ठरायचा.

आपल्या सरकारने १९२२ चा जुना कायदा मोडीत काढून १९८३ साली नवा उत्प्रवासन कायदा केला. प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस, पासपोर्टवरचा शिक्का, एजंटाची नोंदणी हे सगळं आलं. चांगलंच झालं. पण त्याचा सगळा भर माणूस जातो कसा यावर होता. तो येतो कसा, हिशेब घेऊन येतो की रिकाम्या हाताने, हे विचारणारं टेबल तालुक्यात तर नाहीच, जिल्ह्याच्या गावीही मला कधी दिसलं नाही.

कागद नसताना परतण्याची वेळ किती मोठी असते, ते १९९० ने दाखवलं. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. आपली माणसं बगदादमार्गे, वाळवंटातून जॉर्डनला पोचली. अम्मानहून एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या केल्या आणि लाखावर माणसं आणली. त्यावर सिनेमाही निघाला. सिनेमात न आलेला भाग पुढचा आहे. बँकेतले पैसे, थकलेला पगार, सामान, सगळं तिकडेच राहिलं. पुढे १९९१ साली संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात भरपाई आयोग नेमला. त्यात 'अ' वर्गाचा दावा नुसता तिथून निघून यावं लागलं यासाठी होता. एकट्या माणसाला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. दुसऱ्या वर्गात दावा करणार नाही असं लिहून दिलं तर ४,००० आणि ८,०००. आमच्या शेजारचे चाचा इकाम्याची झेरॉक्स कमरेच्या पट्ट्यात शिवून आले होते. त्यांचा दावा मंजूर झाला, त्या पैशातून घरावर स्लॅब पडला. त्यांच्याच खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे कागद नव्हता. त्याचे हेलपाटे संपलेच नाहीत.

सौदीने २०११ साली निताकत आणलं आणि २०१३ साली बेकायदा ठरलेल्यांना माफीची मुदत दिली. आधी जुलैपर्यंत, मग ३ नोव्हेंबरपर्यंत. पासपोर्ट कफीलकडे अडकलेला, म्हणून आपल्या वकिलातीचं आपत्कालीन प्रमाणपत्र घेऊन लोक परतले. फक्त एकदाच, फक्त भारतात यायला चालणारा तो कागद. २०१७ साली पुन्हा नव्वद दिवसांची माफी. २०२० साली कोविडची विमानं. दर वेळी चित्र तेच, माणूस घरी पोचतो आणि त्याचा हिशेब तिकडे राहतो.

कायदे बदलले, हेही सांगितलं पाहिजे. कतारने २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी परवानगीची अट काढली, २०२० साली घरकामगारांसाठीही. सौदीत मार्च २०२१ पासून खासगी कंपनीतला कामगार मालकाच्या होकाराशिवाय मोबाइलवरून एक्झिटचा अर्ज करू शकतो. मात्र घरगुती ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ त्या सुधारणेत नव्हते, आणि आपले कितीतरी लोक याच कामात. दुसरीकडे कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगारांना देशाबाहेर जाताना मालकाची परवानगी सक्तीची केली. तेव्हा हा इतिहास संपला, असं कुणी समजू नये.

आता कामाचं. कुणी कायमचं येत असेल तर निघण्याआधी एवढं बघा.

१. हिशेबाचा कागद आपल्या भाषेत समजून घ्या. पैसे खात्यात पडल्याशिवाय "सगळं मिळालं" यावर सही नको. सौदीत नोकरी मालकाने संपवली तर एका आठवड्यात, कामगाराने सोडली तर दोन आठवड्यांत हिशेब द्यावा, असा कायदा आहे. अमिरातीत मुदत १४ दिवसांची.

२. कर्ज आणि क्रेडिट कार्ड फेडून बँकेकडून लेखी पत्र घ्या. खातं मात्र शेवटचा पैसा येईपर्यंत बंद करू नका.

३. गाडी नावावर असेल तर विका किंवा दुसऱ्याच्या नावावर करा. वाहतुकीचा दंड, लाईट बिल, फोन, खोलीचा करार मिटवा. एका दंडापायी एक्झिट अडकतो. सौदीत फायनल एक्झिट निघाल्यावर ६० दिवसांत देश सोडावा लागतो, हेही लक्षात ठेवा.

४. अनुभवाचा दाखला, पोलिसांचा दाखला, इस्पितळाची फाईल तिथे असतानाच घ्या. इथून मागवायला महिने जातात.

५. पैसे थकले असतील तर निघण्याआधी कामगार खात्यात तक्रार नोंदवा, तिचा नंबर घ्या, मागे विश्वासाच्या माणसाला किंवा वकिलाला मुखत्यारपत्र द्या. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवरही नोंद करा.

६. घरी आल्यावर बँकेला कळवा. एनआरई खातं कायमचं परतल्यावर तसंच ठेवता येत नाही.

ही यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला खर्च किती? जाणाऱ्याला निरोप द्यायला आपल्याकडे पुढाऱ्यांचा तोटा नाही. परतणाऱ्याचा कागद वाचून देणारा एक माणूस आठवड्यातून एक दिवस तहसीलदार कचेरीत बसवा, एवढीच मागणी आहे. मी तसं निवेदन दिलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तरी टाकतो.

आणि तो दमामचा मुलगा? अरबी वाचणाऱ्या मौलवींकडून कागद वाचून घेतला. पगार २,००० रियाल, सेवा अकरा वर्षं, म्हणजे साडेआठ महिन्यांचे १७,००० व्हायला हवेत. कागदावर होते ९,०००, "पूर्ण आणि अंतिम". त्याने सही केली नाही. तक्रार नोंदवली. आधी समेटाची बैठक, २१ दिवसांत नाही मिटलं तर प्रकरण कामगार न्यायालयात. त्याची आई रोज विचारते, "येतोय ना तो?" मी सांगतो, "येतोय काकी, हिशेब घेऊन येतोय." मिळेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. पण काकांना जे विचारायला कुणी नव्हतं, ते त्याने विचारलं.

तुमच्या घरातलं कुणी असं अर्ध्या हिशेबावर परतलं असेल तर लिहा. नाव नको, साल आणि देश पुरे.