सिल्व्हर ओक हा ओक नव्हे : एका झाडाच्या नावाचा इतिहास

पुण्यात बंगल्याच्या कुंपणाला, कॉलेजच्या आवारात आणि आमच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात शेताच्या बांधाला एक उंच, सरळ झाड दिसतं. सगळे त्याला सिल्व्हर ओक म्हणतात. मग कुणी मोबाईलवर ‘ओकची निगा’ शोधतं, तिथं अमेरिकेतल्या पिन ओकची माहिती निघते आणि तीच आपल्या झाडाला लावली जाते. म्हणून आधी हे नाव आलं कुठून ते बघू.

खऱ्या ओकची खूण त्याच्या फळात. छोट्या वाटीत बसवल्यासारखं कठीण बोंड असतं. आपल्या देशात ओक हिमालयात आहेत, उत्तराखंडातला बांज त्यातलाच. सह्याद्रीत ओक आपोआप उगवत नाही. पिन ओक अमेरिकेच्या पूर्व भागातल्या सखल, ओलसर जमिनीतला. त्याचं पान खोल कातरलेलं, हिवाळ्याआधी लाल होणारं, आणि खालच्या फांद्या जमिनीकडं झुकलेल्या.

सिल्व्हर ओक मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचा. त्याचं लाकूड चिरलं की ओकसारखी चमकदार नक्षी दिसते, म्हणून तिथल्या गोऱ्या लोकांनी त्याला ओक म्हणून टाकलं. सुरूच्या जातीच्या झाडांनाही ते ‘शी-ओक’ म्हणतात, म्हंजे बघा! १८३० मध्ये ‘ग्रेव्हिलिया रोबस्टा’ हे शास्त्रीय नाव छापलं गेलं. १८०४ मध्ये लंडनला बागायतीची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांपैकी एक चार्ल्स ग्रेव्हिल, त्याच्यावरून हे नाव. पुढं चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी हे झाड सिलोन आणि दक्षिण भारतात आलं. कूर्गात आजही त्याच्या खोडावर मिरीचे वेल चढवतात. पुण्यातही तो काळ परदेशी झाडं रुळवण्याचाच होता. गणेशखिंडची वनस्पती बाग १८७३ ची, एम्प्रेस गार्डनही त्याच शतकातलं.

ओळखायचं कसं? पान नेच्यासारखं बारीक कातरलेलं, वरून हिरवं, खालून चंदेरी. वारा आला की झाड पांढरट दिसतं. उन्हाळ्याच्या तोंडाला केशरी-पिवळी, कंगव्यासारखी फुलं येतात, त्यावर पाखरांची झुंबड असते. फळ होडीच्या आकाराचं, टोकाला चोच, आत पंखाचं हलकं बी. वाटीतलं बोंड कधीच सापडणार नाही.

आता कामाचं. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या एकानं बांधावरची पिवळी पडलेली रोपं उपटायला काढली होती. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हंजे आपल्या भुईमुगावर येतो तसा केवडा. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. पिन ओकलाही चुनखडीत हेच होतं. घराणी वेगळी, पण दुखणं एकच. अशा वेळी आधी मातीचा सामू तपासा. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस टाकून ऊन कमी झाल्यावर फवारा आणि बुडाला चांगलं कुजलेलं शेणखत द्या.

फरक आहे तो खतात आणि पाण्यात. सिल्व्हर ओकची मुळं कमी स्फुरदाच्या मातीत जगायला तयार झालेली असतात. त्यामुळं उसाला टाकतो तसं डीएपी त्याला मूठमूठ टाकू नका, जादा स्फुरद त्याला बाधतं. पिन ओक ओलीत टिकतो, हा टिकत नाही. काळ्या रानात पाणी साचत असेल तर चर काढा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, नंतर तो बराच ताण सोसतो.

फांद्या ठिसूळ असतात, वादळात मोडतात. घर आणि विजेच्या तारांपासून लांब लावा, वाळकी फांदी पावसाआधी उतरवा. छाटताना अंगभर कपडे घाला, काहींच्या कातडीला याची खाज सुटते. शहराच्या हद्दीत झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवा.

त्या शेतकऱ्यानं रोपं उपटली नाहीत. पावसाळ्यानंतर नवी पालवी हिरवी आली. तुमच्या आवारात जुना सिल्व्हर ओक असेल तर छातीच्या उंचीला खोडाचा घेर मोजा आणि कुणी, कधी लावला ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा.